हजारातला एक रुपया टेकड्यांसाठी ठेवा

पुणे महानगरपालिकेच्या सर्व सन्माननीय सदस्यांना, आणि विशेष करून स्थायी समितीला, खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मार्च 2022 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. आता तुम्ही निवडून आला आहात. अंदाजपत्रकावर बोलायला आमच्या प्रभागातले कोणीतरी पुन्हा सभागृहात बसले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हे पत्र लगेच लिहिते आहे. अंदाजपत्रक एकदा मंजूर झाले की पुढे वर्षभर कोणत्याही खिडकीवर 'तरतूद नाही' एवढेच ऐकावे लागते.

मी 29 वर्षे हिशेबाचे काम केले. आता निवृत्त आहे आणि रोज सकाळी साडेपाचला टेकडी चढते. कोणती टेकडी ते मुद्दाम लिहीत नाही. मी जे सांगणार आहे ते वेताळ टेकडीला जितके लागू आहे तितकेच हनुमान टेकडीला, तळजाईला, म्हातोबाला, बाणेर-पाषाणच्या टेकडीला आणि रामटेकडीला लागू आहे. एका टेकडीचे नाव घेतले की तो त्या प्रभागाचा प्रश्न होऊन बसतो. हा प्रश्न सगळ्या शहराचा आहे.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र पूर्ण वाचायला वेळ झाला नाही तरी ती तुमच्यापर्यंत पोहोचेल. महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचे होते. त्यातून हजारामागे एक रुपया बाजूला काढला तर साडेबारा कोटींहून थोडे जास्त होतात. एवढी रक्कम दर वर्षी फक्त टेकड्यांच्या देखभालीसाठी ठेवा. तिचे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचे वेगळे खाते, काढा. आणि त्या पैशाचे वर्गीकरण करून तो दुसरीकडे वळवता येणार नाही, असा ठराव करा.

आता हे का मागते ते सांगते.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका दुपारी टेकडीवर वणवा लागला. त्या दिवसांत कुसळी गवत गुडघ्याच्या वर गेलेले असते आणि कागदासारखे वाळलेले असते. खाली राहणाऱ्या कोणीतरी धूर पाहून फोन केला आणि आम्ही सात-आठ जण वर धावलो. एकाकडे ओले पोते होते, बाकीच्यांनी हिरव्या फांद्या तोडून घेतल्या. मी एका कार्यालयाला फोन लावला. ही हद्द आमच्याकडे येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तिथल्या माणसाने कोणत्या बाजूचा उतार आहे ते विचारले, मी सांगितले, तेव्हा तो म्हणाला की ती जागा खाजगी असावी. तो उर्मट नव्हता. त्याच्या आवाजातला अवघडलेपणा मला आजही आठवतो. त्याच्याजवळ पाठवायला माणसेच नव्हती आणि ते कबूल करण्यापेक्षा हद्दीचे कारण सांगणे त्याला सोपे गेले.

आग आम्ही विझवली असे म्हणता येणार नाही. ती वाटेपाशी आली, वाटेवर गवत नव्हते, म्हणून आपोआप थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या उतारावर गेले. आमच्यातले एक काका, तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन तीन उन्हाळे तिथल्या रोपांना पाणी घालत होते. रोपांभोवती बांधलेली हिरवी जाळी वितळून खोडांना चिकटली होती. काका खाली बसून नखाने ती जाळी सोडवत होते. जाळीबरोबर सालही निघून येत होती. जवळच जळक्या गवताच्या बुडख्याशी चंडोलाचे वाटीएवढे घरटे होते, त्यातली दोन अंडी काळपट पडून तडकली होती. आम्ही कोणीच काही बोललो नाही.

हा वणवा वाटेपाशी थांबला ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. वन खात्यात याला जाळरेषा म्हणतात. गवत वाळून कोरडे पडायच्या आत तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे एका बाजूला लागलेली आग दुसऱ्या बाजूला जात नाही. यात यंत्र नाही, तंत्रज्ञान नाही. विळा घेतलेली दहा-पंधरा माणसे आणि काही दिवसांची मजुरी, एवढेच लागते. पण ही मजुरी दर वर्षी लागते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

आपल्याकडे टेकडीसाठी पैसा मिळतच नाही असे नाही. तो मिळतो, पण बांधकामासाठी. आमदार निधी घ्या, खासदार निधी घ्या, नगरसेवकांची 'स' यादी, म्हणजे त्यांना प्रभागातल्या कामांसाठी मिळणारा निधी, घ्या. या सगळ्यांतून एकदाच होणारे, दिसणारे, उद्घाटन करता येणारे काम निघते. कमान निघते, बसायचे बाक निघतात, छत्री निघते, पेव्हर ब्लॉकची वाट निघते. हिशेबाच्या भाषेत हा सगळा भांडवली खर्च. गवत कापणे, चर साफ करणे, राखणदाराचा पगार हे महसुली खर्चात येते, आणि त्याला मालक नाही. मी कोणावर आरोप करत नाही. लोकप्रतिनिधीला टेकडीसाठी काही करावेसे वाटले तरी त्याच्या हातात असलेला निधीच असा आहे की त्यातून फक्त सिमेंट निघू शकते. त्यातून मार्चअखेर जवळ आली की उरलेला पैसा ज्या कामात सर्वांत लवकर खर्ची पडतो ते काम पुढे येते. ते काम बहुधा फरशीचे असते.

पायवाटेचे उदाहरण देते, कारण वाटेवर मी रोज चालते आणि तिच्यात झालेला बदल मला पावलापावलाने माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमची वाट एका माणसापुरती होती. समोरून कोणी आले की एकाने गवतात पाय ठेवून थांबायचे. आता ती काही ठिकाणी आठ-दहा फूट रुंद झाली आहे. टेकडीवर माती मुळात वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. लोक वळणे सोडून सरळ चढतात, सरळ वाटेने पावसाचे पाणी सरळ खाली येते आणि माती घेऊन जाते. मग वाट खड्ड्यासारखी खोल होते, तिच्यातून चालणे अवघड होते, म्हणून लोक कडेने चालू लागतात आणि तिथलेही गवत मरते. वाटेवरच्या एका मेढशिंगीची मुळे आता पोटरीइतकी उघडी पडली आहेत. मुलांना त्यांचा पायरीसारखा उपयोग होतो.

यावर उपाय काय, ते आम्हाला एका म्हाताऱ्या पाथरवटाने दाखवले. त्याने दर दहा-पंधरा पावलांवर वाटेला तिरके तीन-चार दगड रोवले, अर्धे जमिनीत आणि अर्धे वर. पाणी दगडाला अडते, बाजूच्या गवतात वळते आणि तिथे मुरते. सकाळी सुरू केलेले काम दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत झाले. दगड तिथलेच होते. पुढचे तीन पावसाळे तेवढ्या तुकड्यावरची माती हलली नाही. चौथ्या पावसाळ्याआधी दोन दगड पुन्हा बसवायला हवे होते, तोवर तो पाथरवट राहिला नव्हता आणि मजुरी द्यायला आमच्यापैकी कोणाची पदरमोड पुरत नव्हती. त्यानंतरच्या वर्षी त्याच तुकड्यावर पेव्हर ब्लॉक आले. ब्लॉकवरून पाणी मुरत नाही, ते वेगाने खाली येते. ब्लॉक जिथे संपतात तिथे आता कमरेइतकी घळ पडली आहे.

मुरणाऱ्या पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. टेकडीचे उतार हे शहराचे पाणी धरून ठेवतात. सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरावे म्हणून उताराला आडवे खणलेले लांब खड्डे, आणि दगडी बांध कितीतरी ठिकाणी पूर्वी घातलेले आहेत. ते मातीने भरून गेले आहेत, कारण दर उन्हाळ्यात ते उपसायचे असतात हे कोणत्याच कागदावर नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसे गेली, संसार वाहून गेले. ओढा किती अरुंद झाला होता यावर तेव्हा खूप बोलले गेले, आणि ते बरोबरच होते. ओढ्यात येणारे पाणी ज्या कात्रजच्या डोंगरउतारांवरून येते, त्या उतारांचे काय झाले आहे यावर त्यामानाने फार कमी बोलले गेले. ओढ्याच्या भिंतींवर पैसा खर्च होतो. उतारावर तो झाला तर भिंतीवरचा भार हलका होईल.

आता हद्दीचा प्रश्न. तुमचे अधिकारी तुम्हाला सांगतील की टेकड्यांचा बराच भाग वन खात्याचा आहे, काही भाग खाजगी आहे, मग महापालिकेने तिथे पैसा कसा घालायचा? प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच शहरात उभे आहे. 5 जून 2020 रोजी केंद्र सरकारने नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा देशापुढे नमुना म्हणून दाखवले ते आपल्या वारज्याचे स्मृतिवन. वन खात्याची सुमारे 40 एकर उजाड टेकडी, आणि तिथे वन खाते, महापालिका, संस्था, कंपन्या आणि नागरिक एकत्र येऊन जंगल उभे राहिले. तिथे जमले ते दुसऱ्या टेकडीवर का जमू नये? महापालिकेने वन खात्याशी करार करावा, पैसा कोणत्या कामाला जाईल ते त्यात लिहावे आणि दर वर्षी त्याचा हिशेब मांडावा. चर उपसणारा मजूर कोणाच्या हद्दीत उभा आहे याने पाण्याला काही फरक पडत नाही.

खाजगी जमिनीचा भाग मात्र एवढ्याने सुटणारा नाही आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. 1997 मध्ये महापालिकेत गावे आली, त्यातल्या 23 गावांच्या टेकड्यांवर सुमारे 976 हेक्टर, म्हणजे 2400 एकरांच्या वर, जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले. 2015 मध्ये राज्य सरकारने ते मान्य केले आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला. हा आकडा जमीनमालकांना पटला नाही आणि मला त्यांचा राग येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या सातबाऱ्यावर ती जमीन आहे, त्यांना आम्ही शहरातल्या लोकांनी सांगितले की तुमच्या जमिनीवर आमचा श्वास अवलंबून आहे, आणि बदल्यात इतर आरक्षणांच्या मानाने फारच थोडे देऊ केले. मग कोणी गुंठे पाडून विकले, रात्रीतून पत्रे उभे राहिले, एका पावसाळ्यात टेकडीच्या पोटात घरे आली. त्यांच्यावर कारवाई करा असे आम्ही ओरडत राहिलो. योग्य मोबदला द्या असे आम्ही त्याच जोराने कधी म्हटले नाही, ही आम्हा टेकडीप्रेमींची चूक झाली.

हे काम साडेबारा कोटींत होणार नाही. त्यासाठी राज्य सरकारकडून पैसा आणावा लागेल, मोबदल्याचे सूत्र बदलून घ्यावे लागेल, आणि जमीन टप्प्याटप्प्याने ताब्यात घ्यावी लागेल. ज्या उतारांवर आज बांधकाम नाही ते आधी घ्या. पण तोवर जी जमीन आपल्या आणि वन खात्याच्या ताब्यात आहे, ती तरी नीट राखा. ताब्यातल्या टेकडीची आपण निगा राखत नाही हे दिसल्यावर आणखी टेकड्या आम्हाला द्या असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पैसा नाही, हे उत्तर कृपा करून देऊ नका. बालभारती ते पौड फाटा हा जेमतेम दोन किलोमीटरचा रस्ता, आणि त्याचा खर्च अडीचशे कोटींच्या आसपास सांगितला गेला. वेताळ टेकडीच्या अंगावरून जाणाऱ्या त्या रस्त्याला माझा विरोध आहे, एप्रिल 2023 मधल्या मोर्चात मी चालले होते. सभागृहात याबद्दल वेगळी मते असतील. पण रकमेकडे जरा पाहा. एका रस्त्याचा खर्च म्हणजे हजारामागे एक रुपया या हिशेबाने शहरातल्या सगळ्या टेकड्यांची जवळजवळ वीस वर्षांची देखभाल. रस्ता व्हावा म्हणणाऱ्या सदस्यालाही टेकडीचा हा रुपया नाकारता येऊ नये.

दुसरे म्हणजे, आम्ही टेकडीसाठी काहीच देत नाही असेही नाही. मिळकतकराच्या बिलात वृक्षकराची एक ओळ असते. मी ती दर वर्षी भरते. माझ्या सोसायटीतल्या बहुतेकांना ती ओळ माहीतही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटते की हा पैसा झाडांना जातो, आणि त्या माणसांना विचारा, सगळे टेकडीवरच्या झाडांचाच विचार करतात. या कराचा पैसा कोणत्या कामाला गेला आणि त्यातला किती टेकड्यांवर गेला, एवढे एक पान दर वर्षी प्रसिद्ध केलेत तरी खूप होईल.

माझी भाची कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला मिशन पीक नावाच्या डोंगरावर घेऊन गेली. वाटेत चार-पाच जण तरी मराठी बोलताना ऐकू आले, त्यातले दोघे कोथरूडचे निघाले. उतरताना मी पायथ्याचा फलक वाचला आणि नंतर माहिती काढली. 1934 मध्ये, ऐन मंदीत, लोकांच्या हाताला काम नव्हते तेव्हा, ओकलंड-बर्कली भागातल्या मतदारांनी स्वतःवर कर बसवून घेतला. मालमत्तेच्या दर 100 डॉलरमागे 5 सेंट, फक्त डोंगर आणि रानवाटा राखण्यासाठी. त्यातून उभ्या राहिलेल्या आणि मिशन पीकही राखणाऱ्या संस्थेकडे आज सव्वा लाख एकरांच्या आसपास जमीन आहे. तिथली वाट मी लक्षपूर्वक पाहिली. फरशी कुठेच नव्हती. वाटेला तिरके रोवलेले, पाणी बाजूला वळवणारे अडसर मात्र होते. ते पाहून मला आमच्या पाथरवटाची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आले.

सुरक्षेबद्दल दोन शब्द. टेकडीवर लुटालूट झाली, मुलींना त्रास झाला की दिवे लावा, कॅमेरे बसवा अशी मागणी होते. मी बाई आहे, अंधारात एकटी चढते, भीती काय असते ते मला ठाऊक आहे. तरीही दिवे नकोत. रात्र ही तिथल्या जीवांची आहे. दिव्याने मला माझ्यापुढची वीस फूट वाट दिसेल आणि त्यापलीकडचे काहीच दिसणार नाही. मला हवा आहे तो माणूस. प्रत्येक टेकडीवर सकाळ-संध्याकाळ फिरणारे राखणदार, त्यात बायका असाव्यात, टेकडीच्या पायथ्याच्या वस्त्यांमधूनच घेतलेले असावेत. तेच वणवा पहिल्यांदा पाहतील, तेच दगड पुन्हा बसवतील, त्यांना कोणत्या ओढ्याशी दारूच्या बाटल्या फुटतात ते माहीत असेल. त्यांचा पगार वेळेवर झाला पाहिजे, आणि तो अकरा महिन्यांच्या ठेक्यावर तुटत-जोडत झाला तर या सगळ्याचा उपयोग नाही.

आपल्या शहरात दोनशेहून जास्त उद्याने आहेत. त्यांना माळी आहेत, पाणी आहे, पंप आहे, रखवालदार आहे. ते सगळे राहू दे, माझी नात तिथेच झोपाळ्यावर खेळते. पण टेकडीवर येणारी माणसे कोण आहेत तेही पाहा. पहाटे येणारे पेन्शनर तुम्हाला माहीत आहेत. दुपारी येणारी माणसे तुम्ही पाहिलेली नसतील. पायथ्याच्या वस्तीतली, दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांत अभ्यास करणारी मुले पुस्तक घेऊन येतात. संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली त्या उखडलेल्या चढावर धावतात. त्यातल्या एकीचा पाय गेल्या पावसाळ्यात त्याच पेव्हर ब्लॉकवरच्या शेवाळावरून घसरला आणि भरतीच्या दोन महिने आधी तिला प्लास्टर घालावे लागले. टेकडीला तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, म्हणून ती या मुलींना परवडते.

शेवटी वेळेचे गणित मांडते, कारण नेमके त्यातच दर वर्षी घोंगडे भिजत पडते. जाळरेषा डिसेंबर संपायच्या आत काढून व्हायला हवी. त्यासाठी कार्यादेश ऑक्टोबरमध्ये निघायला हवा. चर उपसणे आणि वाटांचे दगड बसवणे एप्रिल-मेमध्ये, पहिल्या वळवाच्या आत. राखणदार मात्र बारा महिने. हे सगळे व्हायचे तर लेखाशीर्ष याच अंदाजपत्रकात, तुम्ही मुख्य सभेत मंजूर करणार आहात त्यातच यावे लागेल. ते राहून गेले तर पुढच्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा ओली पोती घेऊन वर धावत असू.

काका आता पंच्याहत्तरीत आहेत. दहाऐवजी पाच लिटर पाणी नेतात, मधे दोनदा बसतात. जाळी चिकटलेल्या त्या रोपांपैकी तीन जगली. त्यातला एक पळस आहे, यंदा पहिल्यांदाच फुलला आहे. तुमच्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी कोणत्याही सकाळी यावे, मी तो दाखवीन, आणि खालची घळही दाखवीन.

आपली विश्वासू,
मिळकतकर वेळेवर भरणारी आणि रोज टेकडी चढणारी एक पुणेकर